ओल्या भिंतीची मोहीम व तेरावी खाच

प्रथम वंदन भिंतीच्या ओलीस. ती न येती तर हे युद्ध न होते, युद्ध न होते तर कलेचा तास न वाचता, आणि तास न वाचता तर या कागदावर शाई खर्चण्याचे कारण न पडते. दुसरे वंदन कोणास करावे ऐसा विचार करिता शाळेत वंदनाजोगे फारसे कोणी दिसेना, सबब मजकुरास आरंभ करितो. जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. कोणाची मर्जी राखणे नाही. ज्यास झोंबेल त्याने खुशाल चोळत बसावे.

शाळा म्हणजे तीन मजल्यांची दौलत. दौलतीचे धनी मुख्याध्यापक, यांस आम्ही हुजूर म्हणू, कारण तैसे म्हणवून घेणे त्यांस फार आवडे. हुजुरांचे दालन मोठे, दालनातील मेज त्याहून मोठे, आणि मेजावरची घंटी ऐसी की दाबली असता तिसऱ्या मजल्यावरचे मूलही दचके. हुजूर दिवसभर काय करीत हे तमाम दौलतीत कोणास ठाऊक नव्हते, खुद्द हुजुरांसही नव्हते, परंतु भेटावयास जाणाऱ्यास ते फार कामात आहेत हे न चुकता सांगितले जाई.

हुजुरांचे उजवे हात गणिताचे सर, किताब गणितराव. यांचा कोनमापक सदा खिशात, जैसी सरदाराची कट्यार. गणितरावांस पोरे घाबरत, आणि पोरे घाबरतात म्हणून पालक त्यांस थोर समजत, आणि पालक थोर समजतात म्हणून तेही स्वतःस थोर समजत. ऐसा हा थोरपणा उसनवारीवर चाले.

आणि जिन्याखालच्या खोलीत कलेच्या बाई. खोलीत उजेड चांगला, बेसिनला दोन नळ, त्यांतील एक गळका, बेसिनच्या तळाशी वर्षानुवर्षांच्या रंगांचे डाग आणि टेबलांवर वाळल्या डिंकाच्या खपल्या. बाईंची नेमणूक हंगामी. दर वर्षी नवी सनद मिळाली तर राहावे, न मिळाली तर पिशवी उचलून चालते व्हावे, ऐसा करार. आठवड्यातून एक तास कलेचा, आणि तोही गणिताची चाचणी आली की गणितरावांनी लुटून न्यावा. लुटताना एवढेच म्हणत, "बाई, आज तुमचा तास घेतो हं. तुमचं तसं काही अडत नाही ना?" यास विचारणे म्हणावे की काय, हे वाचणाराने ठरवावे. त्या खोलीवरही गणितरावांची नजर होती. जादा शिकवणीस तैसी खोली दुसरी नव्हती.

आता शत्रूची हकिकत. शाळेच्या दरवाज्यातून आत शिरताच समोर जी भिंत, तीस ओल आली. वरच्या मजल्यावरचा नळ आतल्या आत झिरपे, हे नळदुरुस्तीवाल्याने एकवार सांगितले होते, परंतु भिंत फोडावी लागेल ऐकताच हुजुरांनी त्यास चहा पाजून वाटेला लावले. मग मोहिमा सुरू जाहल्या. प्रथम भिंतीपुढे कपाट उभे केले, तो कपाटास बुरशी आली. मग जगाचा नकाशा टांगला, तो नकाशातले समुद्र वाढत चालले आणि दोन देश बुडाले. मग रंग दिला. रंगाने आठवडा दम धरला आणि मग पापुद्रे टाकून तोही शत्रूस मिळाला.

ऐशियात खबर आली की संस्थेचे अध्यक्षसाहेब शाळा पाहावयास येणार. हुजुरांची झोप उडाली. मग त्यांनी मोबाइलात कोण्या दुसऱ्या शाळेचे छायाचित्र पाहिले, त्यात भिंतभर गोल गोल विणकामाच्या चकत्या टांगलेल्या, रंगीबेरंगी, आणि भिंत तर तसूभर दिसेना. हुजुरांस साक्षात्कार जाहला. बाईंस बोलावणे गेले आणि फर्मान सुटले ते येणेप्रमाणे: मुलांस माग शिकवावा, प्रत्येकाने एक चकती विणावी, अध्यक्षसाहेब येण्याआधी भिंत झाकावी. झाकली तर कलेचा तास राहील आणि बाईंची सनदही राहील. न झाकली तर खोली गणितरावांस, तास गणितास, आणि बाईंनी दुसरीकडे काम पाहावे.

ध्यानी घ्यावे की मुलांच्या बोटांस काही यावे, डोळ्यांस रंग कळावा, ऐसा हेतू यात कोणाचाही नव्हता. मुले म्हणजे भिंतीस लावण्याचा मुलामा. कलेचे राज्य या देशी ऐशाच कारणांनी चालते, आणि मग भाषणे होतात की मुलांमध्ये सौंदर्यदृष्टी का येत नाही.

बाईंनी अर्ज केला की, मी विणले आहे ते चौकटीच्या मागावर, उभे दोरे ताणून. गोल चकतीवर कधी विणले नाही, सबब आधी दोन दिवस स्वतः करून पाहू द्यावे. हुजुरांनी घंटी दाबली, म्हणजे भेट संपली.

मग मागाची उभारणी. पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, आणि प्रत्येकीच्या काठास खाचा पाडून एका खाचेतून समोरच्या खाचेत ऐसे दोरे मध्यातून ताणावयाचे, जैशा चाकाच्या आऱ्या. हा ताणा. मग मध्यापासून लोकर घेऊन एका दोऱ्यावरून, पुढच्याखालून, ऐसे गोल गोल फिरत बाहेर यावयाचे. हा बाणा. खाचा किती पाडाव्या हा प्रश्न निघाला, तो हुजुरांनी गणितरावांकडे सोपविला, आणि गणितरावांनी कट्यार उपसावी तैसा कोनमापक उपसला आणि निकाल दिला: बारा. प्रत्येक तीस अंशांवर एक. घड्याळासारखे सुबक. हुजुरांनी त्यावर शिक्का मारिला की चकतीस बाराच खाचा, न कमी न जास्त.

रसद घरोघरून आली. कोणी आजीच्या स्वेटराची उसवलेली लोकर आणिली, कोणी मांजराने खेळलेला गुंडा, कोणी नाडी. एका बापाने चिठ्ठी न पाठविता स्वतः येऊन बाईंस सुनावले, "पोराला दोरे ओढायला शिकवताय? त्यापेक्षा पाढे घ्या." आणि जाताना त्याच्या पॅंटची शिलाई मागून उसवलेली तमाम वर्गाने पाहिली, परंतु हसले नाही, कारण बाईंनी डोळे वटारले.

लढाईस तोंड लागले. पोरे विणू लागली. वरून, खालून, वरून, खालून, ऐसा घोष खोलीत चालला, आणि पहिली फेरी सर्वांची गोमटी जाहली, आणि बाईंच्या जिवात जीव आला. परंतु दुसरी फेरी, तिसरी, चौथी जाहली आणि विपरीत दिसू लागले. लोकर बसेना. फेऱ्या एकमेकींस धरीनात, सैल पडून लोंबू लागल्या.

"बाई, माझं घसरलं."

"बाई, माझं पण."

"बाई, ह्याचं बघा, आजोबांची विजार सुटल्यासारखं झालंय."

"तुझ्या आजोबांची असेल."

बाईंस वाटले पोरांचे हात सैल, सबब ओढून विणा ऐसे सांगितले. पोरांनी ओढले, तो पुठ्ठे वाकले आणि चकतीची वाटी जाहली. सोडावे तर लोंबते, ओढावे तर वाकते, ऐसा पेच. बाई घरी जाऊन चकती विणीत बसल्या, त्यांचेही तेच. आणि इकडे तास चालू असता गणितराव फीत घेऊन खोलीत येत आणि भिंती मोजीत, की बाके किती बसतील. मोजताना फितीचे एक टोक पोरासच धरावयास सांगत. निर्लज्जपणास माप असते तर तेही त्या फितीत न मावते.

मग हुजुरांची स्वारी आली. चकत्या पाहून त्यांनी मत दिले की हल्लीच्या मुलांस चिकाटी नाही, आणि चिकाटी म्हणजे काय हे दाखविण्यास एक मोठी चकती स्वतःच्या दालनात नेली. दार लावून विणू लागले. थोड्याच वेळात घंटी वाजली आणि शिपाईमामा आत गेले. हुजुरांच्या हाती लोकरीचा बोळा, कपाळी घाम.

"मामा, हे जरा डिंकानं चिकटवून टाका. गोल गोल."

"विणायचं होतं ना, साहेब?"

"चिकटवल्यावर कोणाला कळतंय?"

मामांनी चिकटविले. काम म्हणून केले, आणि काम म्हणून छान केले. बाहेरच्या काठापासून मध्यापर्यंत लोकरीची सलग वळी, लाल, मग पिवळी, मग निळी. हुजुरांनी ती वर्गास दाखविली आणि बजाविले की बारा खाचांवर ऐसे होते, सबब दोष खाचांचा नसून तुमचा आहे. बाई ती चकती हाती घेऊन पाहू गेल्या, तो हुजुरांनी हात मागे घेतला.

आता या मोहिमेतील महाअपराधिनीचे वर्णन. वर्गात एक पोर होती. तिचे तोंड क्षणभर बंद नसे. बोलावयास कोणी नसले तर गुणगुणे, म्हणून तीस सर्व भुणभुण म्हणत. खाचा पाडतेसमयी ही शेजारणीस आपल्या मावशीच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती, आणि गोष्टीच्या भरात खाच एक जास्त पडली. तेरा. मग दोरे ताणू लागली तो तेराव्या खाचेस समोर जोडीदार खाच नाही. तिने तो दोरा मध्यापर्यंत आणून तेथेच गाठ मारिली आणि गोष्ट पुढे चालू केली.

गणितराव चकत्या तपासीत फिरत होते, त्यांनी नेमके हे पकडले.

"तेरा? तीनशे साठला तेरानं भाग जातो का?"

"नाही जात, सर."

"मग?"

"पण दोरा बसलाय, सर."

वर्ग हसला. झाले. गणितरावांचा कान लाल जाहला आणि मामला हुजुरांपुढे गेला. निवाडा ऐसा: भुणभुणीची चकती भिंतीस लावू नये, आणि हुजूर माफ करीपर्यंत तिने बेसिनशेजारच्या टेबलावर एकटीने बसावे, गळक्या नळाच्या सोबतीस. बाईंसही हा हुकूम मोडवेना. उलट कावून बोलल्या, "आता तोंड बंद, भुणभुण. एक शब्द नको." पोर गप्प बसून आपली तेरा खाचांची चकती विणीत राहिली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई खोली आवरीत होत्या आणि कोपर लागून चकत्यांची चवड खाली पडली. तमाम लोकर सुटून फरशीवर पसरली, जैसी शिकस्त खाल्लेली फौज. बाई खाली बसल्या. गोळा करू लागल्या आणि मनात पिशवीही भरू लागल्या, कारण आता भिंत झाकेल ऐसी आशा उरली नव्हती. ऐशियात एक चकती हाती आली, तिची लोकर जागची हललेली नव्हती. उलटी धरिली. झटकली. टेबलावर आपटली. फेरीस फेरी धरून बसलेली, घट्ट, आणि पुठ्ठा सपाट. मग बाईंनी खाचा मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या.

सकाळी भुणभुणीस जवळ घेतले.

"काय केलंस तू हे?"

"मी मुद्दाम नाही केलं, बाई. बोलता बोलता एक जास्त पडली."

"ते राहू दे गं. विणताना काय केलंस?"

"सगळ्यांसारखंच. वरून, खालून. फक्त पुढच्या फेरीला, आधी ज्याच्यावरून गेले होते ना, त्याच्याखालून आपोआप जायला लागले. मजा आली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, एक शब्द नको."

बाईंनी चकती उजेडात धरिली आणि फेरीमागून फेरी बोटाने चाचपीत गेल्या.

इतके साधे वर्म. बारा दोरे असता दरेक फेरी त्याच दोऱ्यावरून जाते आणि त्याच दोऱ्याखालून, म्हणजे विणकाम होतच नाही, नुसती प्रदक्षिणा होते. दोरे विषम जाहले की फेरी अदलाबदल करिते आणि वीण धरिते. आणि हे सम विषम तिसरीच्या पोरास शिकवून शिकवून ज्यांचे केस पिकले त्या गणितरावांस ते दिसले नाही. बरे, भाग जाण्याचाच सोस होता तर पंधरा घेते. तीनशे साठास पंधराने नीट भाग जातो. परंतु एवढा विचार करावयास डोके रिकामे हवे, आणि ते बाके मोजण्यात गुंतलेले.

बाई हुजुरांकडे गेल्या आणि चकती दाखवून अर्ज केला की एक खाच वाढविण्याची परवानगी द्यावी. हुजुरांनी चकती उलटीसुलटी पाहिली. मग म्हणाले, "बाई, तेरा कसं दिसतं? बारा म्हणजे कसं, घड्याळासारखं. साहेबांनी मोजलं तर?" आणि पुढे सांगितले की चकत्या लोंबत असतील तर त्याही चिकटवाव्या, डिंक लागेल तितका मिळेल.

येथे दुसरे कोणी असते तर डिंक घेऊन आले असते. सनद हुजुरांच्या हाती, वर्ष संपत आलेले, आणि डिंकाने काम भागत होते. परंतु बाई खोलीत आल्या, दार लोटून घेतले आणि हळू आवाजात हुकूम दिला: प्रत्येकाने एक खाच जास्त पाडावी, मध्ये गाठ मारावी, आणि याचा बभ्रा करू नये. या शाळेत कोणी हुजुरांचा हुकूम जाणूनबुजून मोडल्याची ही पहिलीच नोंद होय.

"बाई, सरांनी बघितलं तर?"

"बघितलं तर मी बघीन."

"बाई, भुणभुण आता बोलली तर चालेल का?"

"चालेल. पण कुत्र्याचं नको."

आणि मग भुणभुण बेसिनशेजारून तमाम वर्गास गाठ शिकवू लागली, कारण जागा सोडण्याचा हुकूम नव्हता, सबब वर्गच चकत्या घेऊन तिच्यापाशी जाऊ लागला. शिपाईमामा दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि गणितराव जिन्यात दिसताच खोकू लागले. गणितरावांनी त्यांस दोनदा औषध सुचविले. पोरांनी बारा खाचांचे विणकाम सोडवून नव्याने आरंभिले, आणि चकत्या भरत चालल्या, सपाट आणि घट्ट. काहींचे रंग डोळ्यांस बोचणारे, एकाची नाडीची चकती मधोमध फुगलेली, परंतु उलटी धरिता एकही सुटेना.

मग तो दिवस दोन दिवसांवर आला. मामांनी रांगेने खिळे ठोकले आणि भिंत झाकली गेली. मधोमध, जेथे ओल सर्वांत दाट, तेथे हुजुरांनी स्वतःची मोठी चकती लाविली. शेजारी एक कोपरा रिता राहिला, तो बाईंनी भुणभुणीच्या चकतीने भरिला. हुजुरांनी पाहिले असते तर काढविली असती, परंतु त्यांचे लक्ष आपल्याच चकतीवर होते.

अध्यक्षसाहेब आले. हुजूर पुढे, गणितराव मागे, मुले भिंतीकडेने उभी, बाई त्यांच्या शेवटी. साहेब भिंतीपुढे थांबले आणि म्हणाले, "वा, छान. मोठी कोणाची?" हुजूर लाजले. मुख्याध्यापकास लाजताना पाहणे हा प्रसंग लिहून ठेवण्याजोगा नाही, तरी लिहून ठेविला. साहेबांनी मोठ्या चकतीवर कौतुकाचा हात फिरविला, आणि घड्याळाच्या बक्कलात लोकरीचे बाहेरचे टोक अडकले, आणि साहेब चहास चालते जाहले.

रात्रंदिवस ओलीवर राहिलेला डिंक तो काय धरणार. वळीमागून वळी उलगडू लागली. साहेब पुढे आणि लोकर मागे, ऐसी मिरवणूक चालली, भिंतीपासून पुढे, पाण्याच्या टाकीवरून, ऑफिसच्या दारातून आत. गणितराव ती पायाखाली दाबू गेले तो लोकरीबरोबर बूटच सरकला. कोणी बोलेना. हुजुरांच्या तोंडचे पाणी पळाले, कदाचित भिंतीतच गेले असावे. साहेब खुर्चीत बसून बिस्कीट उचलणार, तो रांगेतून मागोमाग आलेल्या भुणभुणीने दारातून सांगितले,

"काका, तुमच्या हाताला दोरा आहे."

साहेब उठले. लोकर गोळा करीत करीत उलट चालत भिंतीशी आले. मोठ्या चकतीवर आता डिंकाचे डाग आणि बारा उघडे दोरे.

"हे विणलं होतं ना?"

हुजूर छताकडे पाहू लागले. मामा म्हणाले, "चिकटवलं होतं, साहेब. मीच चिकटवलं. सांगितलं होतं तसं."

साहेबांस राग आला. ही सगळी भिंत ऐसीच फसवी असणार ऐसे म्हणून त्यांनी शेजारच्या चकतीची लोकर चिमटीत धरिली आणि ओढली. सुटेना. बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी पाय रोवून हिसका दिला. तो खिळा निघाला, आणि खिळ्याबरोबर ढलपा निघाला, आणि ढलप्याबरोबर परातीएवढे प्लॅस्टर कोसळून हुजुरांच्या बुटांवर पडले, आणि मागून ओल्या विटा दिसू लागल्या. साहेबांच्या हाती चकती होती, तेरा खाचांची, एक फेरी जागची न हललेली.

"भिंत सुटली," साहेब म्हणाले, "हे नाही सुटलं. ही ओल कधीपासूनची?"

"आत्ताच आली, साहेब," हुजूर म्हणाले.

मग तह जाहला. कोणास वाटेल की साहेबांनी मुलांच्या कामाचे मोल जाणिले आणि कलेस मान दिला. तैसे काही नाही. साहेबांनी भगदाडाकडे पाहिले, दुरुस्तीचा विचार केला, तो विचार दुसऱ्या श्वासास सोडून दिला, आणि हुकूम केला: भोक मोठे आहे, मोठे विणकाम लागेल, यास्तव कलेचा तास चालू ठेवावा, खोली काढू नये, आणि या बाईंसच ठेवावे, यांचे सुटत नाही. गणितरावांनी फीत खिशात घातली.

येणेप्रमाणे कलेच्या तासाची फत्ते जाहली. बाईंस नवी सनद मिळाली. भिंतीवर नवे विणकाम चढले आणि त्याखाली पाटी लागली, संकल्पना मुख्याध्यापक, आखणी गणितराव, आणि चकतीस तेराच खाचा पाडाव्या, न कमी न जास्त, ऐसे नवे फर्मान त्याच शिक्क्याने निघाले. ओल अद्याप तेथेच आहे.

भुणभुणीस दिलेली शिक्षा माफ करण्याचे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. ती बेसिनशेजारीच बसते, आणि ज्या पोरास वीण अडते ते उठून तिच्याकडे जाते. इति.